साक्षर, पण कोणत्या भाषेत?

(शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शिष्यांपुढे शिक्षणाविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. संस्थेने ते माझ्यावर सोपविले याबद्दल मी ऋणी आहे. विषय मात्र मीच सुचविला, आणि तो सुचण्यास निमित्त झाली जनगणनेतील एक व्याख्या. सात वर्षे वा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर, असे आपली जनगणना मानते. शाळेत गेले असण्याची अट नाही. २०११ च्या जनगणनेत या मापाने देशातील सुमारे ७३ टक्के लोक साक्षर ठरले. मोजणी करणाऱ्याला व्याख्या अशीच हवी असते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ‘कोणत्याही एका भाषेत’ या तीन शब्दांपाशी बडोद्यातला मराठी माणूस थबकतो. आपल्या घरांतली मुले गुजराती वाचतात, हिंदी वाचतात, इंग्रजी तर वाचतातच. आजीशी ती मराठीत बोलतात, हट्ट करतात, भांडतातही. पण आजीच्याच हातची चिठ्ठी पुढे ठेवली, तर दोन ओळींत अडखळतात आणि ती आईच्या हाती देतात. जनगणनेच्या हिशेबी ही मुले साक्षर आहेत. आजीच्या हिशेबी काय म्हणावे?

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. भाषा येणे आणि अक्षर येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मूल भाषा शिकते ती कोणी शिकविल्यामुळे नव्हे. माणसांत वाढणारे मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपल्या भाषेचे बहुतेक सारे व्याकरण आत्मसात करते. ‘मुलगा आला, मुलगी आली, मूल आले’ यांतला लिंगभेद त्याला कोणी फळ्यावर लिहून दिलेला नसतो. लेखन ही माणसाच्या इतिहासातली फार अलीकडची, जेमतेम पाच हजार वर्षांची गोष्ट आहे, आणि ते प्रत्येकाला मुद्दाम शिकावे लागते. आपल्या परंपरेला हा फरक चांगला ठाऊक होता. वेदपठणाच्या परंपरेत पोथीत पाहून म्हणणाऱ्याची गणना अधम पाठकांत केलेली आहे. आज आपण ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून ज्याची टिंगल करतो, त्याच्या नेमकी उलट ही दृष्टी! तीही टोकाचीच, आणि तिचा उपयोग विद्या मोजक्या मुखांत कोंडून ठेवण्याकडे झाला, हे विसरता येत नाही.

निरक्षर माणसाजवळ भाषा थोकडी असते, हा समज खोडून काढायला मराठीला बाहेरचा दाखला नको. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर रचलेली त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेव व इतर आप्त टिपून ठेवीत. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. भाषेवरच्या प्रभुत्वासाठी अक्षर अपरिहार्य असते, तर हे पुस्तक संभवलेच नसते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरातल्या कोणी ती गाणी कागदावर उतरवली नसती, तर आज आपण बहिणाबाईंचे नावही घेतले नसते. गाणे निर्माण झाले ते भाषेच्या बळावर, आणि असोद्याच्या शिवाराबाहेर आपल्यापर्यंत पोहोचले ते अक्षरामुळे.

आता आपल्या शहराकडे वळतो. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावच्या ज्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, त्या गोपाळरावाला तोवर लिहिणे-वाचणे येत नव्हते. बडोद्यात येताच मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास त्याच्यामागे लागला. एलियट साहेबांच्या देखरेखीखाली हा मुलगा शिकला आणि १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार पाहू लागला. बाराव्या वर्षी ज्याने पहिले अक्षर गिरविले, त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. ते विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. जे ब्रिटिश हिंदुस्थानात झाले नाही, ते इथे झाले.

या इतिहासात मला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी की, राजा मराठी असूनही सक्तीचे शिक्षण मुख्यतः गुजरातीतून झाले, कारण प्रजेची भाषा गुजराती होती. मराठी मुलांसाठी मराठी शाळा होत्या, पण दरबारची भाषा प्रजेवर लादली गेली नाही. दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. शाळेत शिकलेले अक्षर वापराविना गंजते, हे महाराजांनी ओळखले होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास लावले. गावाने एक हिस्सा उभारावा, प्रांत पंचायतीने एक आणि सरकारने एक द्यावा, अशी गावच्या वाचनालयाची योजना होती. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. शाळा ही साक्षरतेची सुरुवात आहे, ती टिकते वाचायला काही हाती असेल तर, हा विचार त्या काळी नवा होता. आजही तो पुरता रुजला आहे असे म्हणवत नाही.

अक्षराने माणसात नेमका काय बदल होतो, यावर विद्वानांत बराच वाद झाला आहे. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने उझबेकिस्तानातील खेडुतांना कोडी घातली. दूर उत्तरेस, जिथे बर्फ असते, तिथली सारी अस्वले पांढरी असतात, अमुक गाव दूर उत्तरेस आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? थोडे शिकलेले लोक चटकन उत्तर देत. निरक्षर शेतकरी म्हणत, मी तिकडे गेलेलो नाही, न पाहिलेल्याविषयी कसे सांगू? लूरियांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, लिहिण्यावाचण्याने विचार करण्याची रीतच पालटते. मला मात्र त्या शेतकऱ्याचे उत्तर कमी प्रतीचे वाटत नाही. न्यायालयात साक्ष द्यायला असा माणूस मिळाला, तर कोणताही न्यायाधीश खूष होईल.

या वादाचा गुंता बराचसा सुटला तो पश्चिम आफ्रिकेत. लायबेरियातील वाई लोकांची स्वतःची लिपी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्यातल्याच एकाने ती तयार केली. ती शाळेत शिकवीत नाहीत. मामाकडून, मित्राकडून माणूस ती शिकतो आणि पत्रे व हिशेब लिहितो. काही जण कुराणासाठी अरबी अक्षरे शिकतात, काही शाळेत जाऊन इंग्रजी शिकतात. म्हणजे एकाच समाजात तीन तऱ्हेची साक्षरता, आणि त्यांपैकी एक शाळेवाचूनची! सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी या लोकांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९८१ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांना आढळले ते असे : निव्वळ वाई लिपी येणाऱ्याची सर्वसामान्य तर्कशक्ती निरक्षरापेक्षा फारशी वेगळी नव्हती. आपल्या उत्तराची कारणे शब्दांत मांडण्यात शाळेत गेलेले पुढे होते. पत्रलेखन करणारे शब्दांची उकल व जुळणी करण्यासारख्या कामांत सरस ठरले, कुराणपाठी क्रमवार स्मरणात. तात्पर्य, अक्षर जादू करीत नाही. माणूस ते ज्या कामासाठी वापरतो, त्या कामात तरबेज होतो.

हे वाचताना मला आपल्या मोडीची आठवण झाली. मोडीही अशीच कारभाराची, पत्रांची, हिशेबाची लिपी होती. दफ्तरात बसून हात वळवीत वळवीत कारकून ती शिके. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळीत नसत, उकाराचेही तसेच. त्यामुळे कोणाचा हुकूम उलटा वाचला गेला आणि सरदार भलत्या किल्ल्यावर गेला, असे ऐकिवात नाही. आज शाळेत मराठी म्हटले की प्रथम लाल शाई ऱ्हस्व-दीर्घावर उतरते. शुद्धलेखन नको असे मी म्हणत नाही. पण ज्या लिपीत मराठी राज्ये चालली, तिला जो भेद शतकानुशतके आवश्यक वाटला नाही, त्यापायी आठ वर्षांच्या मुलाला मराठीची धास्ती बसावी, हा व्यवहार तोट्याचा आहे. बडोद्याचे मोडी दफ्तर आज अभिलेखागारात आहे आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. आपल्या पणजोबांची पत्रे आपल्याला वाचता येत नाहीत, ही हानी आहेच. तरी भाषा गेली नाही, कारण तीच मराठी बालबोधीत लिहिली-वाचली जात राहिली. लिपी बदलणे आणि त्या भाषेतले वाचनच थांबणे या दोहोंत अंतर आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत घडते आहे ते दुसरे.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. आपल्या मुलांना लिपी येते. हिंदीमुळे देवनागरी त्यांच्या परिचयाची आहे, आणि गुजराती लिपी ही तर शिरोरेषा उतरवून ठेवलेली तिची सख्खी बहीण. मग अडते कुठे? आपण ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द घेऊ. अक्षर तेच, पण गुरांच्या चाऱ्यातला ‘च’ निराळा. ‘जग पाहिले’ आणि ‘सुखाने जग’ यांतला ‘ज’ एक नव्हे. हा फरक देवनागरी दाखवीत नाही. तो कळतो केवळ ज्याच्या कानात मराठी आहे त्याला. हिंदीच्या वळणाने वाचणारे मूल ‘चाक’, ‘जात्यावर’, ‘झाड’ हे शब्द असे उच्चारते की, त्याचे त्यालाच ते ओळखू येत नाहीत. पण एकदा कोणी शेजारी बसून तो शब्द म्हणून दाखविला की, ‘हे तर आमचेच!’ असा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. माझ्या पाहण्यात हे अनेकदा आले आहे. ज्याच्याजवळ बोली आहे, त्याला वाचन शिकविण्यास वर्षे लागत नाहीत. ज्याच्याजवळ बोलीच उरली नाही, त्याच्यापुढे अंकलिपी ठेवून भाषा येणार नाही. म्हणून ही घाई आहे. आज बोलणारी मुले आहेत. आणखी एका पिढीने ती असतीलच असे नाही.

वाचनामुळे बोलण्यावर होणारा परिणामही लक्षात घेण्यासारखा आहे. १९७९ मध्ये पोर्तुगालमध्ये एक प्रयोग झाला. निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी काढून उरलेला शब्द सांगा म्हटले, तर बहुतेकांना जमेना. प्रौढपणी वाचायला शिकलेल्या, त्याच थरातल्या लोकांना जमले. म्हणजे अक्षर आपल्या कानालाही वळण लावते, आपलीच भाषा आपल्याला तुकड्यांत ऐकवते. आणि घरगुती बोलीत जे कधी येत नाही ते वाचनातूनच येते. स्वयंपाकघरातली मराठी मुलाला पुरेपूर येते. पण ‘तथापि’, ‘निदान’, ‘किंबहुना’ हे शब्द पोळ्या लाटताना कोण वापरतो? वाद घालायचा, शोक करायचा, विनंती करायची, तर घरच्या चार खोल्यांत मावणारी भाषा तोकडी पडते. तिथे मुलगा गुजरातीकडे किंवा इंग्रजीकडे वळतो आणि मराठी ही जेवणाची, आजारपणाची, लहानपणाची भाषा होऊन बसते. ‘वही टेबलावर मूक’ असे बडोद्याच्या मराठी घरांत ऐकू येते. त्याचे मला दुःख नाही. शेजारच्या भाषेचे चार शब्द आले तर भाषा बाटत नाही. दुःख आहे ते भाषेचा प्रदेश आक्रसत चालल्याचे.

आता सामाजिक ओळखीविषयी. साक्षरता माणसाला प्रतिष्ठा देते असे आपण सर्रास म्हणतो. बडोद्याने या विधानाची कठोर परीक्षा पाहिली आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शहरात नोकरीवर रुजू झाले. याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. विद्येच्या बाबतीत त्यांच्या तोडीचे त्या कचेरीत कितीसे असतील? तरीही राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती सोडावी लागली. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी आपल्या कमाटीबागेत काढले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. पुस्तके अवगत झाली म्हणून समाज दार उघडतोच असे नाही, ही गोष्ट साक्षरतेचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक व्याख्यानात सांगितली पाहिजे. त्याच आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले ते मराठीत, ‘मूकनायक’. इंग्रजीत ते उत्तम लिहीत होतेच. परंतु ज्यांना जागे करायचे त्यांची भाषा मराठी होती. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ते कोणी वाचून दाखविले तर समजणार होते. इंग्रजी वाचून दाखविली असती तर काय उपयोग?

तेव्हा ओळख घडते ती अक्षराने नव्हे, तर आपल्या बोलीला अक्षरांच्या जगात जागा आहे की नाही यावरून. हे आपल्यापुरतेच पाहू नये. छोटाउदेपूर जिल्हा २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तिथल्या राठवा मुलाच्या घरी राठवी बोलतात, शाळा गुजराती. पहिल्या दिवशी तो वर्गात बसतो तेव्हा त्याला भाषा आणि अक्षर या दोन परक्या गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, आणि न जमल्यास ‘मंद’ हा शिक्का तयारच असतो. इथल्या विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या गणेश देवी यांनी १९९६ मध्ये ‘भाषा’ ही संस्था स्थापन केली. पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली, आणि ‘ढोल’ नावाचे नियतकालिक आदिवासी भाषांतून निघाले. मराठीची ग्रंथसंपदा आठ शतकांची आहे. आपले गाऱ्हाणे मांडताना, शेजारी असा एक मुलगा बसला आहे ज्याच्या भाषेत नुकते कुठे छापले जाऊ लागले आहे, एवढे भान आपण ठेवावे.

गुजरात विधानसभेने २०२३ मध्ये पहिली ते आठवीच्या सर्व शाळांत गुजराती शिकविणे सक्तीचे करणारा कायदा केला. काही मराठी पालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला तो कायदा योग्य वाटतो. ज्या मातीत राहतो तिची भाषा वाचता आलीच पाहिजे, आणि बडोद्याच्या मराठी माणसाने गुजराती कधी परकी मानली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, पण त्यापूर्वी ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द आहेत. मराठी माध्यमाचे वर्ग कसे ओस पडत गेले, ते या सभागृहात बसलेल्यांना मी सांगण्याची गरज नाही. मुलांना तिथून काढून इंग्रजी शाळेत घातले ते आपणच. पोटाचा प्रश्न होता. त्याबद्दल कोणाला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपण सर्वांनी आनंद केला. त्या आनंदाने बडोद्यातल्या एकाही मुलाला मराठी वाचता आले नाही, एवढे मात्र खरे.

माध्यम परत येणार नाही असे धरूनच मी पुढचे बोलतो. संस्थेपुढे माझी मागणी लहान आहे. आठवड्यातून एक तास, शनिवारी, ग्रंथालयात मराठी वाचनाचा ठेवावा. परीक्षा नको, गुण नकोत, पहिले वर्षभर लाल शाई नको. घरी मराठी बोलणारे कोणत्याही शाळेतले मूल त्यात घ्यावे. शिक्षकांवर भार टाकू नये. इथे बसलेल्या निवृत्त माजी विद्यार्थ्यांपैकी एकेकाने दोन-दोन मुलांशेजारी बसून शब्द म्हणून दाखविला तरी पुरे. मुलांनी आजी-आजोबांकडून एखादी हकीकत किंवा पदार्थाची कृती ऐकून, त्यांच्याच शब्दांत उतरवून आणावी. सुरुवातीला कोणी ती गुजराती लिपीत लिहिली तरी चालवून घ्यावे. गुजरातीत ‘ळ’ आहे, काही अडत नाही. कोकणी तर पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. महिन्या-दोन महिन्यांत मूल आपण होऊन देवनागरीकडे येईल, कारण पुस्तके त्या लिपीत आहेत.

पुस्तकांविषयी एक सूचना करतो. आपल्या ग्रंथालयातली बरीचशी पुस्तके १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची आहेत. त्यांत ‘घरांत’, ‘केलें’, ‘झालें’ असे अनुस्वार जागोजाग आहेत. नव्या वाचकाला ते बुचकळ्यात टाकतात, म्हणून प्रथम नव्या छपाईची, मोठ्या टाइपाची पुस्तके द्यावीत. जुनी मात्र रद्दीत काढू नयेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘केलें’वरचा तो ठिपका नपुंसकलिंगाची खूण आहे असे सांगितले, तर त्याला त्यात गंमत वाटते. अशी मुले मी पाहिली आहेत. कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे असतात याची मघाशी मी चौकशी केली. त्या कार्यालयात असतात आणि कार्यालय शनिवारी दुपारी बारा वाजता बंद होते, असे समजले. तेवढी एक गोष्ट विश्वस्त मंडळाने पुढच्या सभेत घ्यावी, ही विनंती.